कांचनमृग आणि रविवारची सहल

मंडळी, मागच्या कार्यक्रमानंतर हॉलमधल्या खुर्च्या आवरताना एका वहिनींनी विचारलं, "काय हो, तुम्ही शिकार करता म्हणे?" त्यानंतर जी शांतता पसरली, तिला उत्तर म्हणून हा लेख.

वहिनींचं चुकलं नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आज रानातलं हरिण मारणं म्हणजे सरळ कोर्टकचेरी. इथे मिशिगनमध्ये मात्र परवाना काढून, ठरलेल्या मोसमात हरणाची शिकार करता येते. धनुष्यबाणाचा मोसम १ ऑक्टोबरला सुरू होतो, बंदुकीचा १५ नोव्हेंबरला. लॅबमधल्या एका सहकाऱ्याच्या नादाने मी सुरक्षेचा कोर्स केला, परवाना काढला आणि धनुष्य घेतलं.

धनुष्याचा भरवशाचा टप्पा वीस-पंचवीस यार्डांचा. हरिण इतक्या जवळून कुठे जाईल, हे आधी कित्येक महिने रानात फिरून हेरावं लागतं. याला इथे स्काउटिंग म्हणतात. पहिल्या वर्षी माझे सगळे शनिवार-रविवार त्यात गेले. आमच्या सौ.ने एकदाच ऐकवलं, "सीतेने कांचनमृग निदान मागितला तरी होता. मी काय मागितलंय?" यावर उत्तर नव्हतं. दुसऱ्या वर्षी ठरवलं, एकट्याने जायचं नाही, सगळ्यांनी मिळून जायचं.

आम्ही जातो ते चेल्सी आणि जॅक्सनच्या मधल्या वॉटरलू रिक्रिएशन एरियात. मार्चमध्ये बर्फ वितळलं की झाडं उघडी असतात, त्यामुळे हरणांच्या पायवाटा स्पष्ट दिसतात. नराने शिंगं घासून साल काढलेली झाडं दिसतात. मुलांना तर ही शोधाशोध लपंडावापेक्षा आवडते. सप्टेंबरात आम्ही ओकची फळं, म्हणजे एकॉर्न, शोधतो. पानाच्या कडा गोलसर असतील तो पांढरा ओक, टोकदार असतील तो लाल. पांढऱ्या ओकच्या फळात टॅनिन कमी, म्हणून हरणं आधी तिकडे वळतात. टॅनिन म्हणजे काय, हे मी आमच्या सात वर्षांच्या मनूला फार उकळलेला कोरा चहा चाखवून शिकवलं. तिने तोंड असं केलं, की रसायनशास्त्राचा याहून यशस्वी तास मी आजवर घेतलेला नाही!

दोन सूचना. भर दुपारी जावं. तेव्हा हरणं बहुधा झाडीत बसलेली असतात, आणि मुलांच्या गडबडीने कोणाचंच फारसं बिघडत नाही. दुसरं, गोचिडींना हलक्यात घेऊ नका, लाइम रोग त्यांच्यामुळेच होतो. पँटचे पाय मोज्यांत खोचा. पर्मेथ्रिन कपड्यांवर फवारून पूर्ण वाळू द्या, अंगाला लावू नका. घरी आल्यावर मुलांचे कान, मान, काखा, गुडघ्यांच्या मागची बाजू तपासा.

आता खरी गोष्ट. त्या मार्चमध्ये ओढ्याकाठी मनूला गळून पडलेलं शिंग सापडलं. मी सांगितलं, नराची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवीन येतात. "म्हणजे तो जिवंत आहे?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने घरी येऊन क्रेयॉनने रानाचा नकाशा काढला. पुढे प्रत्येक सहलीनंतर त्यात पायवाटा, लेंड्या, ओकची झाडं अशी भर पडत गेली. नकाशा इतका उत्तम झाला, की मीही त्यावरूनच बेत आखू लागलो.

सप्टेंबरअखेर मी गराजमध्ये बाण तपासत होतो. ती दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, तू त्यालाच मारणार?"

मी सहलींना "निसर्गभ्रमण" म्हणत आलो होतो. खोटं बोललो नव्हतो, पण खरंही सांगितलं नव्हतं. पोरीने सहा महिने ज्या कामात मला मदत केली, ते काम काय हेच तिला माहीत नव्हतं. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. आपण घरी मटण खातो, तेही कोणीतरी मारलेलंच असतं, हेही सांगितलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर नकाशावरचा ओढा आणि आजूबाजूचा भाग तिने हिरव्या क्रेयॉनने गच्च रंगवून टाकला होता.

सर्वांत चांगली जागा तीच होती. मी तिथे गेलो नाही. चार शनिवार ओकच्या टेकडीवर थंडीत बसलो आणि चारही वेळा रिकाम्या हाताने परतलो. दर वेळी दारातच प्रश्न येई, "आज?" "आज नाही." मग ती निवांत जेवायला बसे.

पुढे कधी हरिण मिळालं, तर त्याच दारात खरं उत्तर द्यावं लागेल. तेव्हा ती माझ्याबरोबर रानात येईल की नाही, मला माहीत नाही. मुलांना बरोबर न्यायचं, तर कशासाठी चाललोय हे गाडीत बसण्याआधी सांगावं, एवढं मात्र शिकलो.

ऑक्टोबरात जॅक्सनजवळच्या दलदलीत हजारो सँडहिल क्रेन, म्हणजे आपल्या सारसांचे भाऊबंद, संध्याकाळी उतरतात. ते बघायला आम्ही जाणार आहोत. धनुष्य घरी राहील. ज्यांना यायचं असेल त्यांनी जरूर कळवावं. नारंगी टोप्या जादा आहेत, आणि चहा फार उकळलेला नसेल.