निकाली प्रकरण

संध्याकाळच्या आरतीपूर्वी ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर दिवे विकणाऱ्या बायका बसलेल्या असतात. पानांचा द्रोण, त्यात चार फुले आणि एक छोटी पणती. लोक तो द्रोण नर्मदेत सोडतात आणि तो वाहत दूर जाईपर्यंत हात जोडून उभे राहतात. गेल्या हिवाळ्यात जबलपूरला मावसभावाकडे गेलो असता त्याच्या सहा वर्षांच्या नातवाने यांतले नऊ द्रोण घेतले, पण एकही पाण्यात सोडला नाही. पायरीच्या कडेला त्याने ते एका ओळीत मांडले. एक जरा तिरका झाला तेव्हा सगळे उचलून पुन्हा पहिल्यापासून मांडले. घंटा आणि ध्वनिक्षेपक सुरू होताच त्याने दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून धरले, नजर मात्र द्रोणांवरून हलवली नाही.

या मुलाला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे. मला त्या संध्याकाळी अधिक जाणवली ती त्याच्या आजीची शांतता. वहिनींचे माहेर वाईचे. लग्न होऊन जबलपूरला आल्याला पंचेचाळीस वर्षे झाली, बाजारात हिंदी सफाईने बोलतात, पण घरात त्यांची भाषा मराठीच. एका सल्लागाराने दोन वर्षांपूर्वी सुनेला बजावले होते की मुलाला बोलायला उशीर होत आहे, त्याच्या कानावर एकच भाषा पडू द्या, घरातली मराठी बंद करा. तेव्हापासून वहिनी नातवाशी जवळजवळ बोलतच नाहीत. "हिंदीत मला लाड करता येत नाहीत हो, भाऊजी," एवढेच त्या म्हणाल्या.

घरी परतताना माझ्या डोळ्यांसमोर एक जुनी फाइल उभी राहिली. २००३ सालची. महाराष्ट्रातील एका जिल्ह्यात मी कार्यरत होतो. नऊ वर्षांच्या मुलाची आई अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज घेऊन आली होती. मुलगा पाढे अचूक म्हणत असे, म्हणून तो मतिमंदांच्या रकान्यात बसेना. हातपाय, डोळे, कान उत्तम होते. अर्जासोबत मोठ्या शहरातील डॉक्टरांचे पत्र होते आणि त्यात ऑटिझम असे स्पष्ट लिहिले होते. लिपिकाने टिपणी ठेवली, "नियमात तरतूद नाही. अर्ज निकाली काढण्यात यावा." मी खाली सही केली. त्या महिन्याच्या प्रलंबित प्रकरणांच्या गोषवाऱ्यात एक आकडा कमी झाला.

टिपणी पूर्णपणे खोटी नव्हती. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि त्यांत स्वमग्नता नव्हती. परंतु १९९९ मध्ये संसदेने राष्ट्रीय न्यास कायदा केला, त्याच्या नावातच ऑटिझम हा शब्द आहे. त्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती सांगितली आहे, तिच्यावर जिल्हाधिकारी असतात आणि अशा व्यक्तीला पालक नेमून देण्याचे काम तिचेच. म्हणजे देशाच्या कायद्याला हा मुलगा चार वर्षांपासून ठाऊक होता. ठाऊक नव्हता तो आमच्या छापील नमुन्याला. आणि मी कायदा न वाचता नमुना वाचला होता.

सेवानिवृत्तीनंतर या विषयावर जमेल तेवढे वाचले. विद्यापीठांतील संशोधकांच्या हातूनही चुका झाल्या, आणि त्या लहान नव्हत्या. १९४३ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि स्वमग्नतेला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र ओळख मिळाली. पुढे मात्र आईच्या थंड, कोरड्या वागण्यामुळे मूल असे होते हा समज पसरला. शिकागो विद्यापीठाच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकातून त्याला मोठेच बळ दिले. असंख्य आयांनी तो दोष मुकाट्याने सोसला.

तो समज मोडला तोही संशोधनानेच. लंडनमधील सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी १९७७ मध्ये जुळ्या भावंडांच्या एकवीस जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिसायला व रक्ताने एकसारख्या अकरा जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती. वेगवेगळ्या धाटणीच्या दहा जोड्यांत एकही तशी नव्हती. दोन्ही गटांतल्या जोड्या आपापल्या एकाच घरात, एकाच आईच्या हाताखाली वाढत होत्या. फरक होता तो आनुवंशिकतेचा. मेंदूची घडण गर्भावस्थेपासूनच वेगळी होत जाते आणि तिच्यामागे अनेक जनुकांचा हात असतो, हे आज मान्य झाले आहे.

भाषेच्या बाबतीतही हेच झाले. दोन भाषांनी मूल गोंधळेल हा सल्ला वर्षानुवर्षे दिला जात होता. कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये पंचाहत्तर स्वमग्न मुलांची तुलना प्रसिद्ध केली. काहींच्या कानावर एक भाषा पडत होती, काहींच्या दोन. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांना त्यामुळे अधिक उशीर झाल्याचे आढळले नाही. इतर अभ्यासांचा कौलही साधारण असाच आहे. म्हणजे वहिनींची मराठी ज्या कारणासाठी बंद झाली, त्या कारणाला आधार नव्हता. जबलपूर, इंदूर, बडोद्यापासून न्यू जर्सीपर्यंत ज्या मराठी घरांना असा सल्ला मिळाला असेल, त्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. 'संगाथ' ही संस्था तिथे १९९६ पासून मानसिक आरोग्यावर काम करते. तिने मँचेस्टर आणि लिव्हरपूल येथील विद्यापीठांच्या संशोधकांबरोबर गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे एक चाचणी केली. तज्ज्ञ मोजके, म्हणून तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिले. आईबाप मुलाशी खेळत असताना चित्रीकरण करायचे, मग तेच त्यांना दाखवून मूल नेमके केव्हा प्रतिसाद मागते ते सोबत बसून पाहायचे. पासष्ट मुलांच्या या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दोन गोष्टी सुधारल्याचे दिसले. आईबाप मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले स्वतःहून संवाद सुरू करू लागली. परंतु आईबाप व मूल मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याचा वेळ वाढण्याऐवजी घटला होता. संशोधकांनी तेही त्याच निबंधात छापले.

इथे मी बराच वेळ थांबलो. माझ्या संपूर्ण सेवेत, योजनेचा एक भाग उलटा गेला असे लिहिलेला प्रगती अहवाल मी पाहिलेला नाही. मी स्वतः लिहिलेलाही नाही. विद्यापीठात चूक झाली तर ती छापली जाते आणि कोणीतरी ती खोडण्याच्या उद्योगाला लागतो. कार्यालयात चूक झाली तर ती निकाली निघते. खोडायला कोणी उरतच नाही.

नियम पुढे बदलले. २०१६ मध्ये स्वमग्नतेच्या प्रमाणपत्राची रीत ठरली. चाळीस बाबींची भारतीय मोजपट्टी आली, तिच्यावर सत्तर किंवा त्याहून अधिक गुण झाले की स्वमग्नता धरतात. त्याच वर्षाच्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रकार सातांचे एकवीस झाले आणि स्वमग्नतेला जागा मिळाली. पण तोवर ज्यांचे अर्ज "तरतूद नाही" म्हणून परतवले होते, त्यांना कोणी कळवले? मी ज्या कार्यालयांत काम केले तिथे तरी अशी पद्धत नव्हती. माझ्या सहीचा तो मुलगा आज तिशीत असेल. आई साठीच्या घरात असेल. "आमच्यानंतर याचे कोण?" हा प्रश्न तिने तेव्हाही विचारला होता आणि मी त्याला आश्वासनाचे चार शब्द दिले होते. वस्तुतः त्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर, म्हणजे पालक नेमणारी समिती, माझ्याच इमारतीत असायला हवी होती.

माझ्या मते तीन गोष्टी सहज करता येतील.

पहिली, नियम बदलला की "तरतूद नाही" या कारणाने फेटाळलेल्या अर्जांची यादी काढून प्रत्येकाला एक पत्र पाठवावे. नोंदवह्या असतात, पत्तेही असतात.

दुसरी, जिल्हाधिकाऱ्यांच्या मासिक आढाव्यात स्थानिक स्तर समितीची बैठक कधी झाली आणि किती पालक नेमले, हा रकाना घालावा. ज्याला रकाना नाही ते काम होत नाही, हे मी माझ्याच उदाहरणावरून सांगतो.

तिसरी, योजनेच्या अहवालात "काय साधले नाही" असा एक परिच्छेद सक्तीचा असावा आणि तो लिहिणाऱ्याला त्याबद्दल शिक्षा नसावी.

बाहेरगावी, परदेशी असलेल्या वाचकांनाही एक विनंती. गावाकडे भावाबहिणीच्या घरी असे मूल असेल आणि पूर्वी कधी प्रमाणपत्र नाकारले गेले असेल, तर पुन्हा अर्ज करायला सांगा. ते मूल अठरा वर्षांचे झाले असेल तर पालक नेमण्याचीही चौकशी करायला सांगा.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पुन्हा घाटावर गेलो. सुनेला मी वाचलेले सारे सांगितले होते. तिने सासूबाईंकडे पाहून मान हलवली. मुलाने द्रोण मांडायला सुरुवात केली तेव्हा वहिनी त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि हलकेच मोजू लागल्या, "एक, दोन, तीन..." मुलगा काही बोलला नाही. चौथा द्रोण हातात धरून तो थांबला आणि वहिनींनी "चार" म्हटल्यावरच त्याने तो खाली ठेवला. पाचव्यालाही तसाच थांबला.

जबलपूरहून आल्यावर मी त्या जुन्या जिल्ह्याच्या कार्यालयाला पत्र लिहिले आहे. फाइलचा क्रमांक आठवत नाही, वर्ष आणि विषय लिहिला आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. पुढच्या महिन्यात स्वतः जाणार आहे.