आडवी झालेली बाग

3 जून 2020 ला दुपारी निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं. मधे सावित्रीची खाडी, अलीकडे बाणकोट, वेळास आणि आमची वाडी. सासऱ्यांनी लावलेली बाग तेवढ्या दुपारीच आडवी झाली. नारळ मुळासकट उपटतो, पोफळ मात्र मधेच मोडते आणि पिंजलेला बुंधा तसाच उभा राहतो. कौलं उडत होती, दाराला आतून टेबल लावून आम्ही मोठमोठ्याने प्रार्थना करत होतो. गालीलच्या समुद्रातलं वादळ प्रभू येशूने थांबवलं होतं. आमचं थांबलं नाही.

मग वीज नाही, फोन नाही, त्यात लॉकडाऊन. पत्रे मिळेनात, मेणबत्त्याही मिळेनात. सरकारने भरपाई हेक्टरी 50 हजार केली. पण कोकणात हेक्टरने बाग कुणाकडे असते? आमचे सगळे हिशेब गुंठ्यांत. पुढे झाडामागे देण्याचं ठरलं, पोफळीला 50 रुपये आणि नारळाला 250. पडलेला नारळ कापून बाहेर काढायला कटरवाला त्याहून जास्त मागत होता. बागेच्या भरवशावर घराचं कर्ज काढलेलं. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं आणि नवे पत्रेही घेऊन गेलं.

फोन सुरू झाले तशी सांत्वनंही सुरू झाली. देव परीक्षा घेतोय. एक दार बंद झालं की तो दुसरं उघडतो. चांगल्यासाठीच असेल. बोलणारी माणसं प्रेमाची, पण मला ते शब्द टोचायचे. बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक मी लहानपणापासून ऐकलेलं. त्या पावसाळ्यात कंदिलाच्या उजेडात पहिल्यांदा सलग वाचलं. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ठीक होतं. तोंड उघडून देवाची बाजू मांडायला लागले तिथे बिघडलं. आणि शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर तसा नाही! हे कळल्यावर मी देवाशी भांडायला मोकळी झाले. भांडायला समोर कुणीतरी लागतंच.

शेजारच्या चाचींनी कसलाच उपदेश केला नाही. वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मुलगा ताडपत्री घेऊन आला. “भाभी, दोरी आहे का घरात?” एवढंच विचारून तो वर चढला. त्यांच्याही घराचं एक पाखं उघडंच होतं.

उपासनेला आम्ही दापोलीला जातो. तिथे साक्ष देणाऱ्याची गोष्ट बहुधा गोड होते: आजार बरा झाला, नोकरी मिळाली, कर्ज फिटलं. माझ्याकडे तसलं काही नव्हतं. तेव्हा बाणकोटचे डोनाल्ड मिचेल आठवायचे. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचं इथलं काम त्यांनी 1823 साली सुरू केलं आणि त्याच वर्षी ते वारले. मागून आलेल्यांनी शाळा चालवल्या, पण कामाचा भार हळूहळू हर्णै आणि पुढे पुण्याकडे गेला. बाणकोटात काय उभं राहिलं ते बघायला मिचेल उरले नाहीत. त्यांचा विश्वास फळाला आला की नाही, हे कोण ठरवणार? आपण तर नाहीच.

हबक्कूक संदेष्टा आपल्या पुस्तकाच्या शेवटी मळे ओस आणि गोठे रिकामे असतानाही देवाच्या ठायी आनंद करीन म्हणतो. बाग परत मिळाल्यावर म्हणत नाही, हे मला फार आवडतं. आनंद मला दर वेळी जमत नाही. पण रोज सकाळी प्रार्थनेला बसते, कारण ती सोडली असती तर बागेबरोबर देवही गेला असता, आणि तेवढं नुकसान मला परवडणारं नव्हतं.

आम्ही पुन्हा पोफळीच लावल्या. त्यांना धरायला पाच-सात वर्षं लागतात. हप्ते अजून चालू आहेत.