आकाशातील खाडाखोड

विमानाचे छायाचित्र हा प्रकार मुळातच थोडा अवघड आहे. ज्या वस्तूचे सारे मर्म तिच्या गतीत आहे, तिलाच क्षणाच्या एका सूक्ष्म अंशात थांबवायचे, आणि थांबवूनही ती उडते आहे असे पाहणाऱ्यास वाटले पाहिजे, ही त्यातील अट. ही अट कॅमेरा एकटा क्वचितच पुरी करतो. म्हणून छायाचित्र घेऊन झाल्यावर त्यावरून पुन्हा हात फिरवावा लागतो, आणि तो किती फिरवावा यावरून जाणकारांत तट पडतात. गोविंदपुऱ्यात, भेलच्या कारखान्याच्या सावलीत राहणाऱ्या एका निवृत्त शासकीय अधिकाऱ्याने या वादात का पडावे, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्याचे उत्तर एवढेच की, आमचे उभे आयुष्य दुसऱ्यांनी केलेली खाडाखोड तपासण्यात गेले, आणि ती सवय निवृत्तिवेतनाबरोबर आमच्याकडेच राहिली.

दि. ३० सप्टेंबर २०२३ रोजी भोपाळच्या मोठ्या तलावावर भारतीय हवाई दलाच्या विमानांनी कसरती केल्या. आमच्या वसाहतीतील दोन तरुण कॅमेरे घेऊन गेले होते. पुढे त्यांनी आपापली छायाचित्रे आम्हांला दाखवली. 'सूर्यकिरण' पथकाची तीच विमाने, तोच तलाव, जवळजवळ तोच क्षण. परंतु दोन चित्रे पाहून ती एकाच दिवसाची आहेत असे कोणी म्हटले नसते. पहिल्याच्या चित्रात पावसाळा सरतानाचे आपले ओळखीचे फिकट, किंचित धुरकट आकाश होते. दुसऱ्याच्या चित्रातील आकाश मोरपिसासारखे निळे, ढग कापसाच्या गाठोड्यांसारखे उठावदार आणि विमानांचा रंग नुकताच दिल्यासारखा तेजस्वी. पहिला म्हणाला, "काका, मी जे दिसलं तेच ठेवलं." दुसरा म्हणाला, "काका, मला जे वाटलं ते मी दाखवलं." दोघेही प्रामाणिक होते, म्हणूनच निवाडा करणे कठीण.

या तरुणांकडून आम्ही त्यांची कामाची रीत समजून घेतली. काही दुरुस्त्यांबद्दल दोघांचे एकमत आहे. कॅमेऱ्यातील संवेदकावर धुळीचा कण बसला की मोकळ्या आकाशात करडा ठिपका उमटतो. तो पुसण्यास कोणाचीच हरकत नसते. चित्र तिरके आले असेल तर सरळ करावे, मात्र ते जमिनीवरील इमारतीच्या किंवा मनोऱ्याच्या उभ्या रेषेवरून. विमानाच्या पंखांवरून नव्हे. वळण घेणारे विमान कललेलेच असते. त्याचे पंख आडवे करून दिले की वैमानिकाने घेतलेले वळणच आपण रद्द केले, असे होते. चौकट कापताना विमानाच्या नाकासमोर थोडी मोकळी जागा ठेवावी, म्हणजे त्याला जायला वाट आहे असे वाटते. विमानाचे पोट उजळ आकाशासमोर काळवंडते. तेथील अंधार थोडा उजळावा, पण फार उजळला तर त्यात वाळू पेरल्यासारखे कण दिसू लागतात. तापलेल्या धावपट्टीवरील हवेच्या लहरींनी चित्र थरथरलेले असेल तर त्याला मात्र औषध नाही. धार वाढवीत गेले की विमानाभोवती एक पांढरी किनार तेवढी उमटते.

पंख्याच्या विमानाची कथा आणखी वेगळी. कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात उघडून मिटला तर फिरता पंखा जागच्या जागी गोठतो आणि इंजिन बंद पडलेले विमान हवेत लटकले आहे असा भास होतो. म्हणून अनुभवी माणूस पडद्याची गती सेकंदाच्या दोनशेव्या भागाच्या आसपास, कधी त्याहूनही कमी ठेवतो आणि विमानाबरोबर कॅमेरा फिरवतो. ज्याला हे साधत नाही तो घरी येऊन संगणकावर पंख्याची कृत्रिम चक्री रंगवतो. आता गंमत पाहावी: गोठलेला पंखा ही कॅमेऱ्याची अस्सल नोंद, पण ती डोळ्यांना खोटी वाटते, आणि रंगवलेली चक्री बनावट, पण डोळ्यांना खरी वाटते. 'जे दिसले तेच ठेवले' हे वाक्य वाटते तितके सोपे नाही, ते येथे कळते.

हा वाद संगणकाने आणलेला नाही. १९९० साली फोटोशॉप बाजारात येण्यापूर्वी आपल्याकडील प्रत्येक स्टुडिओत 'टचिंग' करणारा माणूस असे. काचेवरच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने तो सुरकुत्या भरून काढी. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाचे अधिकृत छायाचित्रकार फ्रँक हर्ली यांनी अनेक निगेटिव्ह एकत्र छापून युद्धाची भव्य दृश्ये रचली. खंदकांतील सैनिक एका काचेवरचे, तर माथ्यावरची विमाने दुसऱ्या काचेवरची. युद्धाचा पसारा एका काचेवर मावत नाही, हे त्यांचे म्हणणे. त्यांच्या देशाचे युद्ध-इतिहासकार चार्ल्स बीन यांना ते मुळीच मान्य नव्हते. अशी चित्रे त्यांच्या लेखी बनावट होती. हर्लींच्या बाजूने निदान एवढे म्हणता येईल की ते स्वतः त्या रणभूमीवर उभे होते. १९३३ मध्ये त्या युद्धातील हवाई झुंजींच्या छायाचित्रांचे एक पुस्तक निघाले आणि लोक थक्क झाले. वेस्ली आर्चर नावाच्या माजी वैमानिकाने खेळण्यासारखी छोटी विमाने टांगून ती छायाचित्रे घरीच तयार केली होती, हे उघडकीस येण्यास १९८० चे दशक उजाडावे लागले. अर्धे शतक ती चित्रे इतिहास म्हणून पाहिली गेली!

अलीकडची उदाहरणे तर सर्वांच्या स्मरणात असतील. २००६ च्या ऑगस्टमध्ये रॉयटर्सच्या एका छायाचित्रकाराने लेबनॉनवरील एफ-१६ विमानाच्या चित्रात विमानातून सुटलेल्या एका ज्योतीच्या तीन केल्या. संस्थेने त्याच्याशी संबंध तोडले आणि त्याची ९२० छायाचित्रे संग्रहातून काढून घेतली. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईच्या पुराची पंतप्रधानांनी हवाई पाहणी केली, तेव्हा पत्र सूचना कार्यालयाने प्रसृत केलेल्या एका चित्रात खिडकीबाहेरील दृश्य वेगळ्या चित्रातून आणून बसवलेले आढळले. कार्यालयाने ते चित्र मागे घेऊन खेद व्यक्त केला. पूर खरा होता, पाहणीही खरी होती. जोडकामाने दोन्ही गोष्टी उगाच संशयास्पद झाल्या.

एवढे सगळे वाचून आम्ही तटस्थ प्रेक्षकच राहिलो असतो, पण हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्याच घरात आला. आमचे धाकटे काका १९६० च्या सुमारास हवाई दलात यांत्रिक म्हणून भरती झाले. डाकोटा विमानासमोर उभे असलेले त्यांचे एक छायाचित्र ग्वाल्हेरच्या घरी वर्षानुवर्षे भिंतीवर होते. आमची आजी खंडेनवमीला घरातील अडकित्ता, विळी, आजोबांची लेखणी यांची पूजा करी, तेव्हा या चित्रातील विमानालाही कुंकवाचे बोट लावी. मुलाचे पोट ज्याच्यावर, ते त्याचे अवजार, असा तिचा सरळ हिशेब होता. पुढे चित्राला काच बसली, पण तोवर विमानाच्या नाकावर कुंकवाचा तांबूस डाग कायमचा बसला होता. मागच्या बाजूस बुरशी चढून विमानाच्या शेपटीकडचा क्रमांक पार नाहीसा झाला होता, आणि पाठीमागचा मजकूर पुठ्ठ्याला चिकटून गेला होता.

काकांचा नातू पुण्यास संगणक क्षेत्रात आहे. आजोबांच्या वर्षश्राद्धाला भेट म्हणून त्याने हे चित्र मोठ्या मायेने नवे करून आणले. बुरशी गेली, ओरखडे गेले, काकांच्या गणवेशाची इस्त्री दिसू लागली. कुंकवाचा डागही गेला. आणि शेपटीकडे स्वच्छ अक्षरांत क्रमांक उमटला होता: व्हीपी ९०५.

डाकोटाविषयी ज्यांनी काही वाचले आहे त्यांना हा क्रमांक ठाऊक असेल. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला उतरवणाऱ्या डाकोटांशी तो निगडित आहे. २०१८ मध्ये इंग्लंडहून जे जुने डाकोटा दुरुस्त होऊन 'परशुराम' या नावाने हवाई दलात आले, त्याच्यावरही स्मरणार्थ तोच क्रमांक रंगवलेला आहे. तेथे ते उघडपणे, सर्वांना सांगून केले आहे. आमच्या नातवाने मात्र जागा रिकामी दिसते म्हणून हाताशी आलेला क्रमांक भरला. त्यात त्याचा काही डाव नव्हता. पण आणखी तीस वर्षांनी याच घरातील मुलांनी, आमचे पणजोबा श्रीनगरच्या त्या विमानावर होते, असे शाळेत सांगितले असते, आणि पुराव्यादाखल छायाचित्र दाखवले असते. १९४७ मध्ये काका जेमतेम नऊ वर्षांचे होते.

काकू चित्र बराच वेळ पाहत राहिल्या. मग नातवाला म्हणाल्या, "बाळा, यांचा चेहरा छान उजळलास. पण सासूबाईंचं कुंकू कुठे गेलं रे? आणि हा नंबर कुणी सांगितला तुला? ते विमान कुठलं, ते त्यांनाच ठाऊक होतं. आपण नको घालायला." मुलगा समजूतदार, त्याने लगेच संगणक उघडला. त्याच्यापाशी मूळ प्रत जशीच्या तशी सुरक्षित होती आणि केलेला प्रत्येक फेरफार वेगळा नोंदलेला होता, असे त्याने आम्हांस दाखवले. बुरशी काढलेली तशीच राहिली, कुंकू परत आले आणि शेपटीकडे पुसट करडी जागा मोकळी राहिली.

त्याच्या पडद्यावरील ती फेरफारांची यादी पाहून आम्हांस आमच्या नस्त्या आठवल्या. शासकीय टिपणीत चुकलेला शब्द खरवडून काढण्यास मनाई असे. त्यावर एकच रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, वर नवा शब्द लिहायचा आणि बाजूस लघुस्वाक्षरी करायची. नव्या लिपिकांना हा नियम जाचक वाटे. पण या नियमाने दुरुस्तीला बंदी केलेली नाही. बदल कोणी केला आणि आधी काय होते, एवढे मागे उरावे अशी त्याची अपेक्षा आहे. विमानांच्या छायाचित्रांनाही हीच कसोटी लावावी असे आम्हांस वाटते. मोरपिशी आकाश हवे तर खुशाल करावे, पण ते आपल्या हौसेचे म्हणून दाखवावे, त्या दिवसाची नोंद म्हणून नव्हे. राईट बंधूंच्या १७ डिसेंबर १९०३ च्या पहिल्या उड्डाणाची काच १९१३ च्या पुरात भिजली आणि तिचा एक कोपरा निखळला. ती तशीच अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे. त्या कोपऱ्यात आकाश रंगवणे कोणाही कारागिराला सहज जमले असते.

वसाहतीतील त्या दोन तरुणांना आम्ही हल्ली एवढेच सुचवतो की, मूळ प्रत कधी पुसू नका, आणि छापील प्रत काढाल तेव्हा मागे तारीख, ठिकाण, विमान आणि आपण काय बदलले ते दोन ओळींत लिहा. पुठ्ठ्याला चिकटवू नका. ज्याचा क्रमांक वाचता येत नाही, तेथे 'वाचता येत नाही' असेच लिहा.