केपचे पहिले धनी

ज्यानें तीस वर्षें भूगोल शिकविला, त्यानें साठी उलटल्यावर तो पुन्हां शिकावा, असा योग गेल्या वर्षीं माझ्या नशिबीं आला. माझा पुतण्या दक्षिण आफ्रिकेंत केपटाउन येथें अभियंता आहे. त्याच्या आग्रहावरून आम्ही उभयतां तेथें सहा आठवडे राहून आलों. टेबल पर्वत, तेथील समुद्र आणि द्राक्षांचे मळे यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील; तीं येथें पुन्हां देत नाहीं. मला लिहावयाचें आहे तें त्या भूमीच्या पहिल्या धन्यांविषयीं, आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयीं.

दापोली तालुक्यांतील शाळेंत मी वर्षानुवर्षें सांगत आलों कीं, आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास हॉटेंटॉट व बुशमन नांवाचे रानटी लोक राहत. त्यांस ना घर, ना राज्य, ना धड भाषा. एकदां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, भाषा नाहीं तर ते पोरांना हांक कशी मारीत?" वर्ग हंसला. मींहि हंसून त्यास खालीं बसविलें. उत्तर दिलें नाहीं, कारण तें माझ्यापाशीं नव्हतें.

प्रथम नांवांविषयीं. वरील दोन्ही नांवें गोऱ्यांनीं दिलेलीं, आणि पहिलें तर आतां शिवीच मानलें जातें. गुरें-मेंढरें पाळणारे लोक स्वतःस खोइखोई म्हणवीत. म्हणजे 'माणसांतलीं माणसें'. जे शिकार व कंदमुळें यांवर राहत त्यांस खोइखोई 'सान' म्हणत, आणि त्या शब्दांत गुरें नसलेल्यांविषयींचा तुच्छभाव असे. अधिक चांगलें नांव नसल्यामुळें आज तेंच रूढ आहे. आपल्याहून खालचा कोणी तरी असावा ही हौस मनुष्यांत सर्वत्र आढळते. आपण तरी तिला अपवाद आहों असें मला वाटत नाहीं.

आतां भाषा. या लोकांच्या भाषांत जिभेनें हवा आंत ओढून चुटकीसारखे काढलेले वर्ण आहेत. आपण हळहळतांना 'च्च' करतों, तो त्यांतलाच एक. गालाच्या कडेनें आवाज काढून आपण बैल हांकतों, तो दुसरा. आपल्याकडे हे केवळ उद्गार. त्यांच्याकडे ते क-ख-ग यांप्रमाणें वर्ण होत. नामिबियांत आजहि बोलल्या जाणाऱ्या नामा या खोइखोई भाषेंत असे चार मूळ वर्ण आहेत. आमच्या शिक्षाग्रंथांनीं कंठ, तालु, मूर्धा, दांत व ओंठ अशीं वर्णांचीं स्थानें सांगितलीं. परंतु ते सारे वर्ण बाहेर जाणाऱ्या श्वासाचे. श्वासावांचून केवळ जिभेच्या ओढीनें होणारा वर्ण आमच्या वैयाकरणांच्या कानीं पडता, तर त्यांनीं तोहि आदरानें सूत्रांत गोंविला असता. मीं मात्र त्यास भाषाच म्हटलें नाहीं.

घराची गोष्ट तशीच. नदीकांठच्या लव्हाळ्याच्या चटया वांकविलेल्या काठ्यांवर बांधून खोइखोई घुमटाकार घर उभारीत. उन्हाळ्यांत लव्हाळे आकसतात व फटींतून वारा खेळतो. पावसांत तेच फुगून फटी बुजवितात. चराई संपली कीं घर गुंडाळून बैलाच्या पाठीवर घालावें आणि ऋतूप्रमाणें पुढें जावें, असा क्रम असे. मेंढ्या-गुरें घेऊन हिंडण्याची ही रीत केपमध्यें सुमारें दोन हजार वर्षें चालत आली होती. वस्तीचीं घरें वर्तुळांत मांडीत आणि रात्रीं गुरें मध्यें घेत. गुरें हेंच धन. तें सहसा मारीत नसत, सण-संस्कारांच्या वेळींच मारीत. दूध काढण्याचें काम स्त्रियांचें. गुरें असलेल्या कुळांस नायक असे, पण त्यास वडीलधाऱ्यांच्या मतानें चालावें लागे. वाटेवर हैत्सी-ऐबीब या पुराणपुरुषाच्या दगडांच्या राशी असत. येणारा-जाणारा त्यांत एक दगड घाली. हें ऐकून आमच्या सौभाग्यवतींस घाटांतल्या देवाला दगड वाहणारे आपले वाटसरू आठवले.

सान लोकांची चित्रें पाहण्यासाठीं आम्ही केपटाउनच्या उत्तरेस सेडरबर्गच्या डोंगरांत गेलों. खडकांच्या कपारींत तांबड्या रंगानें काढलेलीं हरिणें व माणसांच्या रांगा अजून टिकल्या आहेत. मोठ्या शेपटीच्या मेंढ्याहि त्या प्रदेशांतील चित्रांत आढळतात. सानांपाशीं संग्रह करण्याजोगें फारसें नसे: धनुष्य, विषारी बाण, पाण्यासाठीं शहामृगाच्या अंड्याचें कवच. परंतु वांटून खाण्याचा नियम कडक. कलहारी वाळवंटांतील सानांत शिकार ज्याच्या बाणानें पडली, तो बाणाचा मालक मांसाची वांटणी करी. आणि बाण तर एकमेकांस उसने दिलेले असत. त्यामुळें नेम अचूक असलेला माणूस डोईजड होत नसे. एकत्र कुटुंबांत कर्त्या पुरुषाचा अहंकार किती जड होतो हें ज्यांनीं अनुभविलें आहे, त्यांस या नियमांतील शहाणपण वेगळें सांगावयास नको.

विल्हेल्म ब्लीक हे जर्मन भाषापंडित व त्यांची मेहुणी ल्यूसी लॉइड यांनीं १८७० पासून केपच्या तुरुंगांतील सान कैद्यांस आपल्या घरीं ठेवून त्यांच्या कथा हजारों पानें उतरून घेतल्या. त्यांतील काब्बो नांवाचा वृद्ध, घरीं जाण्याची तळमळ असतांहि, कथा लिहून व्हाव्या म्हणून थांबला. सान आणि खोइखोई दोघांतहि सांगितली जाणारी एक कथा अशी: चंद्रानें सशाकरवीं माणसांस निरोप धाडला कीं, "मी मरून पुन्हां उगवतों, तसे तुम्हीहि उगवाल." सशानें निरोप उलटा सांगितला, आणि मरण कायमचें झालें. रागावलेल्या चंद्राच्या माराने सशाचा ओंठ फाटला, तो फाटलेलाच राहिला. काब्बोची भाषा आज बोलणारें कोणी उरलें नाहीं. मात्र २००० सालीं दक्षिण आफ्रिकेनें आपल्या राजचिन्हावरील बोधवाक्य त्याच भाषेंतून घेतलें.

आतां आमच्या कोंकणाशीं जोडलेला धागा. १४९७ सालीं कालिकताकडे जातांना वास्को द गामा याच किनाऱ्यावर मॉसेल उपसागरांत थांबला, तेव्हां खोइखोईंनीं बासऱ्या वाजवून नाच केला आणि पोर्तुगीजहि नाचले. पुढें पोर्तुगीजांचा पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मैदा हिंदुस्थानांत आला. त्याचा पुत्र १५०८ सालीं चौलच्या लढाईंत पडला. सूडानें पेटलेल्या बापानें त्याच वर्षाअखेर आमचें दाभोळ लुटून जाळलें; बायकापोरांचीहि गय केली नाहीं. १५०९ मध्यें दीवची लढाई जिंकून तो मायदेशीं निघाला आणि पाण्यासाठीं टेबल पर्वताखालीं थांबला. त्याच्या माणसांचें खोइखोई वस्तींत भांडण झालें, म्हणून पोर्तुगीजांनीं वस्तीवर चाल करून गुरें व मुलें पळविलीं. १ मार्च १५१० रोजीं खोइखोईंनीं शिट्या घालून आपलीं शिकविलेलीं गुरें पुढें केलीं आणि त्यांच्या आडून असा मारा केला कीं, आल्मैदा व त्याचे साठांहून अधिक लोक वाळूंत पडले.

दाभोळची होळी मीं दरवर्षीं शिकविली. पण ती पेटविणाऱ्याचा अंत माझ्या 'रानटी' लोकांनीं आपलीं मुलें सोडविण्यासाठीं केला, हें मला ठाऊक नव्हतें.

पुढची कथा दुःखाची आहे. १६५२ सालीं डच कंपनीचा यान व्हान रीबेक तेथें उतरला व चराईच्या जमिनींवर शेतें पडूं लागलीं. लढाई झाली. १६६० च्या तहाच्या बोलण्यांत खोइखोईंनीं विचारलें कीं, आम्ही हॉलंडांत येऊन असें केलें तर चालेल काय? उत्तर असें मिळालें कीं, जमीन लढाईंत गेली, ती परत मिळणें नाहीं. त्याच वर्षीं त्यांचीं गुरें बाहेर ठेवण्यासाठीं लावलेल्या रानबदामाच्या कुंपणाचा कांहीं भाग कर्स्टनबॉश उद्यानांत अद्याप जिवंत आहे. मी त्याला हात लावून आलों. १७१३ च्या देवींनीं केपच्या आसपासच्या खोइखोईंची वाताहत झाली. तरी नामाक्वा प्रदेशांत रिख्टर्सफेल्ड येथें नामा लोक आजहि ऋतूप्रमाणें कळप हांकतात आणि त्यांच्याकडे चटयांचीं घरें आहेत; त्या भूमीस २००७ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला.

परत आल्यावर मी मुद्दाम दाभोळास गेलों. प्रश्न विचारणारा तो मुलगा आतां तेथेंच राहतो. दोन लेकरांचा बाप झाला आहे. ओटीवर बसून त्यास सारें सांगितलें आणि म्हटलें, "त्या दिवशीं तुझें बरोबर होतें; चूक माझी होती." तो संकोचला. मग हंसून म्हणाला, "गुरुजी, मग हांक कशी मारीत तें तरी दाखवा." मीं टाळूला जीभ लावून प्रयत्न केला; साधला नाहीं. दाराआड उभी असलेली त्याची धाकटी मुलगी पुढें आली आणि तिनें तो वर्ण पहिल्याच खेपेस स्पष्ट काढून दाखविला.