पुस्तकात शब्द एक, शिवारात कामं तीन



पेरणी तोंडावर आली की दोन प्रश्न हमखास येतात. "घरचं सोयाबीन पेरू का?" आणि "यंदाची सरकी ठेवली तर पुढच्या साली चालंल का?" दोन्ही प्रश्न सारखेच वाटतात, पण उत्तरं उलटी आहेत.

गोची शब्दात आहे. पुस्तकात सगळ्याला एकच शब्द, पुनरुत्पादन. आपल्या बोलीत मात्र गाय गाभण राहते, शेळी विते, केळीला पिलं फुटतात, उसाचं बेणं लागतं, ज्वारी दाणा भरते. जुन्या माणसांनी शब्द वेगळे ठेवले, कारण काम वेगळं आहे.

पहिलं काम म्हणजे नक्कल. ऊस, केळी, हळद, आंब्याचं कलम यात बाप नाहीच. डोळा ज्या झाडाचा, नवं झाड त्याच गुणाचं. पण गुणासोबत रोगही येतो. उसाची गवताळ वाढ आणि काणी बेण्यातूनच पुढच्या फडात जाते. म्हणून बेणं निवडताना उतारा बघा, त्याआधी फड निरोगी आहे का ते बघा.

दुसरं काम स्वतःशीच जमणारं. सोयाबीनचं फूल उघडायच्या आतच बहुतेक वेळा स्वतःच्या परागानं फळतं. म्हणून सरळ वाणाचं बी घरी दोन-तीन वर्षं वापरता येतं.

तिसरं काम दोन रक्तांचं. वासरात अर्धं गाईचं, अर्धं वळूचं येतं. म्हणून गाय सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी भरवा, पण रेतन कोणत्या वळूचं ते आधी विचारा. संकरित कपाशीही याच घरातली. पाकिटातलं बी पहिल्या पिढीचं असतं. त्याची सरकी पेरली की गुण फुटतात, एक झाड उंच तर एक खुरटं, आणि काही झाडांत बोंडअळीला रोखणारं जनुक येतच नाही. सरकी ठेवू नका, भाऊ.

आता माझं. काढणीत पाऊस आला, अर्धी सुडी भिजली. दोन्ही ढिगांचे शंभर-शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. कोरड्या ढिगाचे ६४ उगवले, भिजलेल्याचे ४१. भिजलेला ढीग बियाण्यातून बाद, तो सरळ बाजारात जाईल. उगवण ७० टक्के असेल तर एकरी ३० किलो लागतं. ६४ ला हिशेब केला, ३० गुणिले ७० भागिले ६४, म्हणजे ३३ किलो. तीन किलो जास्त गेलं तरी विकतच्या पिशवीपेक्षा परवडतं. बीजप्रक्रिया करूनच पेरणार. पोती आपटू नका, सोयाबीनचं टरफल नाजूक असतं.

आणि हे चोरून करायचं काम नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं आपल्याला बी राखायचा, पेरायचा, वाटायचा, विकायचाही हक्क दिलाय. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या लेबलखाली विकता येत नाही.

तेव्हा बी ठेवायच्या आधी एकच विचारा, हे पीक तिघांपैकी कोणतं? मग शंभर दाणे मोजा. तुमच्याकडं किती उगवले, ते खाली लिहा.