पाच सेकंदांचं आभाळ

२००२ साली 'वॉरक्राफ्ट थ्री' आला तेव्हा आम्ही कोल्हापुरात चित्रकला शिकत होतो. राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत पोरं लढाया खेळायची. आम्ही दोघं-तिघं मात्र गेमच्या सुरुवातीची फिल्म बघायला जायचो. रणांगणावर एक ऑर्क आणि एक शिपाई भिडलेले, वरून आगीचे गोळे कोसळतायत. बाकीच्यांचं लक्ष त्या दोघांवर आणि आमचं मागच्या आभाळावर! असं आभाळ रंगवणं हासुद्धा कुणाचा तरी पोटापाण्याचा धंदा असतो, हे कळलं आणि माझी वाट ठरली.

या कलेला मॅट पेंटिंग म्हणतात. नॉर्मन डॉन यांनी १९०७ साली कॅमेऱ्यापुढे काच उभी केली आणि पडझड झालेल्या इमारतींचे गेलेले भाग तिच्यावर रंगवले. पुढे कित्येक दशकं काच आणि ब्रश हीच हत्यारं होती. 'डाय हार्ड २'च्या शेवटच्या विमानतळाच्या दृश्यासाठी रंगवलेलं चित्र स्कॅन होऊन संगणकात गेलं ते १९९०मध्ये; फोटोशॉपही त्याच वर्षी बाजारात आलं. आम्हा कोल्हापूरकरांना हे सगळं घरचंच वाटायचं. आनंदराव आणि बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी नाटक कंपन्यांचे पडदेच तर रंगवत होते.

मग मुंबईत नोकरी लागली. परदेशी गेमच्या सिनेमॅटिक्सची, म्हणजे गेममधल्या छोट्या फिल्मची, कामं यायची. एक शॉट अजून डोळ्यांपुढे आहे. पडका किल्ला, कॅमेरा संथपणे पुढे सरकतोय, एकूण पाच सेकंद. कॅमेरा सरकला की बुरुजाआडची भिंत उघडी पडणार, म्हणून आधी न दिसणारी ती भिंतही रंगवून ठेवायची. आभाळ, डोंगर, धुकं, बुरूज असे थर वेगळे करायचे आणि थ्रीडीतल्या साध्या ठोकळ्यांवर प्रोजेक्ट करायचे. कातळासाठी मी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचे स्वतः काढलेले फोटो वापरले. ढगाळ दिवशीचे फोटो आम्हाला सोन्याच्या मोलाचे, कारण त्यांत कडक सावल्या नसतात. ऊन हव्या त्या बाजूने पाडता येतं. परक्या दुनियेतल्या त्या किल्ल्याला सह्याद्रीचा कातळ असा काही शोभला!

आमचे सीनियर दादा मागे येऊन उभे राहायचे. "अरे, लांबचा डोंगर एवढा काळा असतो होय? हवा घाल त्यात." मग मी काळा रंग उतरवून निळसर करायचो, कडा मऊ करायचो, आणि डोंगर खरंच कोसभर मागे जायचा. तो आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

खेळणारे बरेचदा बटण दाबून ती फिल्म पुढे ढकलायचे. तरी मला कधी वाईट वाटलं नाही. ज्याने ते पाच सेकंद पाहिले, त्याला पुढचे कित्येक तास आपण कुठल्या मुलखात आलोय हे पटलेलं असायचं. आमचं काम तेवढंच, आणि ते फार मोठं.

आता अनरियल इंजिनसारख्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सकाळची संध्याकाळ बघता बघता करता येते. चित्रकाराचे कष्ट वाचतात, याचं मला मनापासून कौतुक आहे. पण कुठल्या डोंगरात किती हवा घालायची, हे नजरेलाच कळावं लागतं. म्हणून या क्षेत्रात येणाऱ्या पोरांना मी सांगतो: टॅब्लेट नंतर घ्या. आधी पावसाळ्यात जलरंग घेऊन पन्हाळ्यावर बसा, आणि एकामागच्या एक डोंगररांगांतला प्रत्येक राखाडी वेगळा दिसेपर्यंत उठू नका.