घरचा गूळ

गूळ घ्यायला गेलं की आपली नजर आधी रंगावर जाते. पिवळाधमक खडा दिसला की हात तिकडे वळतो आणि तांबूस-काळसर ढेप मागे राहते. चव बघणं, वास घेणं नंतरचं, बहुतेकदा राहूनच जाणारं. शाहू महाराजांनी 1895 मध्ये कोल्हापुरात शाहूपुरीची पेठ वसवली ती मुख्यतः गुळाच्या व्यापारासाठी. 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. एवढं नाव असलेल्या गुळाचा दर आजही मोठ्या प्रमाणात रंगावरच ठरतो.

हंगामात गुऱ्हाळावर थोडा वेळ थांबलं तरी बरंच कळतं. चुलवाणात चिपाडं धडधडत असतात, वर भल्यामोठ्या काहिलीत रस उकळत असतो. त्यात थोडा चुना पडतो, ठेचलेल्या भेंडीच्या रोपांचा बुळबुळीत रस पडतो आणि काळपट मळी फेसासह वर येते. ती पुन्हा पुन्हा काढत राहावी लागते. रस आटून आधी काकवी होते. मग गुळव्याची खरी परीक्षा. तो उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी वळून बघतो. गोळी घट्ट जमली की क्षणाचाही उशीर चालत नाही, काहील लगेच उतरवायची.

एवढं सगळं नीट केलं तरी गूळ पिवळाच होईल असं नाही. जमीन खारवट असेल, ऊस तसा असेल, तर रंग गडदच येतो. म्हणून कित्येक ठिकाणी हायड्रॉस पावडर टाकतात. तिने रस झटकन उजळतो, पण गंधकाचा अंश गुळात मागे राहतो. दम्याच्या काही रुग्णांना तो त्रासदायक ठरतो. आणि तो उजळपणा टिकतही नाही, साठवणीत गूळ पुन्हा काळवंडत जातो.

एका गुऱ्हाळमालकांना मी विचारलं, ‘‘काका, पावडर नाही टाकली तर?’’

‘‘काळा माल मार्केटात कोण घेतंय, ताई? दर पडतोय. घरात आमी बिनपावडरीचाच खातोय.’’ आणि त्यांनी कोपऱ्यातल्या मडक्यातला खडा काढून माझ्या हातावर ठेवला. तांबूस, किंचित खारट, उसाचा वास असलेला.

घरचा वेगळा आणि बाजारचा वेगळा, ही फाळणी मला फार अस्वस्थ करते. द्राक्षं, भाजी, सगळीकडे ती दिसते. शेतकऱ्याला दोष देऊन मोकळं होता येतं, पण आपण ज्या रंगाला पैसे देतो तोच रंग तो पिकवणार. काळा गूळ म्हणजे शुद्धच, असंही नाही. करपलेला गूळही काळा असतो. विचारायला हवं ते हे की मळी कशाने काढली आणि रसात साखर मिसळली का. दुकानातल्या चकचकीत पुड्याला हे विचारता येत नाही. गुऱ्हाळावरच्या माणसाला येतं.

बिनपावडरीच्या गुळाचं पुरण जरा सावळं होतं. पाहुण्यांच्या ताटात पोळी वाढताना कुणी तरी ‘‘पोळी करपली का?’’ म्हणतं. म्हणू देत. पहिला घास खाल्ला की विषय संपतो.

यंदा आमच्या ओळखीतल्या काही घरांनी मिळून त्याच काकांना हंगामाआधीच गूळ सांगून ठेवला आहे. रंग येईल तो चालेल, पावडर नको, एवढीच अट. त्यांनी सांगितलेला दर बाजारापेक्षा जास्त आहे आणि आम्ही घासाघीस केली नाही. भेंडी ठेचायला, मळी काढत उभं राहायला माणसं लागतात, त्यांची मजुरी त्या दरातच आहे. पण आमच्यासाठी एक काहील वेगळी लावायची तर तेवढी मागणी हवी, म्हणून अजून काही घरं शोधतो आहोत.